उजवीकडे झुकणारी अक्षरं

नागपूर,
२७ ऑक्टोबर १९८७

भैयाजी मामा,

जयभीम. पायाचं प्लास्टर खाजवायला तुम्ही विणायची सुई वापरता असं मामीनं कळवलं आहे. वापरू नका. दुसऱ्यांच्या गच्चीवर अँटेना लावायला चढायचं आणि स्टुलावरून उतरताना पडायचं, हे तुम्हीच करू जाणे.

चिठ्ठी पोस्टात टाकलेली नाही. पोस्टाला तीन दिवस लागतील आणि मला तेवढा दम नाही. सव्वापाचच्या उमरेड बसच्या गोविंदा कंडक्टरच्या हातात देते आहे. तुमचं उत्तरही त्याच्याच हाती पाठवा. स्टँडवर जाऊन मी घेईन.

मामा, मी अडचणीत आहे. आमच्या माती तपासणी केंद्रात माझं काम काय ते तुम्हाला ठाऊक आहे. काटोल, मौदा, कुठून कुठून बागांची माती येते, प्रयोगशाळेत तपासली जाते, आकडे कार्डावर लिहिले जातात आणि ते कार्ड मी कॉम्प्युटरवर चढवते. दिवसाला साठ कार्डं. हे आकडे फ्लॉपी नावाच्या पातळ चौकोनी तबकडीवर साठतात. तबकडी भरली की मी तिची आणखी एक प्रत करते आणि दोन्ही डब्यात ठेवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर सचिव मार्तंडराव म्हणाले, ऑक्टोबरचं काम दाखवा. मी डबा उघडला आणि एकेक फ्लॉपी घालत गेले. एकही वाचता आली नाही. "वाचता येत नाही, थांबू, पुन्हा बघू की सोडून देऊ," असं ते यंत्र इंग्रजीत विचारत राहिलं आणि मार्तंडराव माझ्या मागे उभे राहून ते वाचत राहिले. तेरा दिवसांची सातशे ऐंशी कार्डं गेली, दोन्ही प्रतींसकट.

जुलै ते सप्टेंबरच्या फ्लॉप्या त्यांच्या कपाटात आहेत, त्या नीट आहेत. प्रिंटर अजून आलेला नाही, म्हणून कागदावर काही नाही. मार्तंडराव आवाज न चढवता म्हणाले, "फ्लॉपी कोरी आहे याचा अर्थ काम झालेलं नाही, असाच मी घेतो." अकरा नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता विश्वस्तांची बैठक आहे. तोपर्यंत लेखी खुलासा द्यायचा. नाही पटला तर नोकरी गेली. नोकरी गेली तर जाईल एक वेळ, पण "काम न करता केलं म्हणाली" हा शिक्का घेऊन मी या शहरात दुसरीकडे कुठे जाऊ?

यंत्राचे इंजिनियर मुंबईला असतात. फोनवर म्हणाले, यंत्रात दोष नाही.

आणखी एक गोष्ट. दसऱ्यानंतर मॉनिटरचं चित्र बिघडलं आहे. मॉनिटर म्हणजे आपल्या टीव्हीसारखाच डबा, फक्त हिरव्या अक्षरांचा. उजव्या बाजूची अक्षरं झुकतात, कोणीतरी बाहेरून ओढल्यासारखी. मागची बटणं फिरवून पाहिली, काही होत नाही. तुम्ही कॉम्प्युटर पाहिलेला नाही, पण पिक्चर ट्यूब तुमच्याइतकी कोणाला कळते? काहीतरी सांगा.

माझा संशय मनोहररावांवर आहे. ते इथले जुने टायपिस्ट, यंत्र येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त विरोध त्यांनी केला होता. रोज सकाळी साठ कार्डं दोनदा मोजून माझ्या हातात देतात, संध्याकाळी परत घेताना मागे उभे राहून पडद्यावर बघतात आणि प्रत्येक कार्डावर लाल पेन्सिलीची खूण करतात. इतका संशयी माणूस मी पाहिला नाही. नवमीला मी रजेवर होते तेव्हा त्यांनी यंत्राला हळद-कुंकू वाहून पूजा केली. ते कुंकू आत गेलं असेल का?

दसऱ्याला दीक्षाभूमीवर आपल्या उमरेडच्या स्टॉलवर तुमचा स्पीकर काय वाजला! ती मौद्याची हरवलेली पोरगी आईला सापडली ती त्या आवाजामुळेच. निदान एक गोष्ट तरी यंदा नीट झाली.

तुमची,
प्रेमिला


उमरेड,
२८ ऑक्टोबर

भाचीबाई,

जयभीम. सुई मामीनं जप्त केली आहे, आता तुझी मामी आणि तू दोघी सुखानं राहा.

स्पीकरचं कौतुक केलंस, बरं वाटलं. बंद पडलेल्या टॉकीजमधला स्पीकर मी त्या पेटीत बसवला आहे. मागे थाळीएवढं चुंबक आहे, वीतभर अंतरावरून पेचकस ओढून घेतं. असं काम आता कोणी करत नाही.

आता तुझ्या डब्याकडे येऊ. टीव्हीवाल्याला लोक विचारतात, काय बिघडलं? मी आधी विचारतो, ठेवलाय कुठे? अर्धा आजार जागेचा असतो. म्हणून तू पुढच्या गोष्टी कर आणि मला लिही. मॉनिटर आहे तिथेच ठेवून त्याचं तोंड भिंतीकडे फिरव आणि अक्षरं अजूनही त्याच बाजूला झुकतात का ते बघ. मग तो उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ने, तिथे बघ. जवळ स्टॅबिलायझर, पंखा, कूलरची मोटर काय काय आहे ते लिही. त्या बाजूच्या भिंतीपलीकडे काय आहे तेही लिही. फ्लॉपीचा डबा कुठे ठेवतेस?

कुंकवाचं म्हणशील तर मऊ फडक्यानं पुसून घे. कुंकवानं सातशे ऐंशी कार्डं जात नाहीत. आणि मनोहररावांवर इतक्यात घसरू नकोस. आधी यंत्राला विचारू, माणसाला मागून विचारू. मी चाळीस वर्षं रेडिओ उघडतो आहे, गिऱ्हाईक ज्याचं नाव घेतं तो पार्ट बहुतेक वेळा चांगला निघतो.

घाबरू नकोस. उमरेडच्या बाजारात मी ज्याला त्याला सांगून ठेवलं आहे की माझी भाची कॉम्प्युटर चालवते. तुझी नोकरी गेली तर मला दुकान बंद करावं लागेल.

तुझा,
भैयाजी मामा


नागपूर,
३० ऑक्टोबर

मामा,

तुम्ही तिथे खाटेवर पडून बरोबर ओळखलंत! काल मनोहरराव जेवायला गेल्यावर सगळं केलं.

मॉनिटरचं तोंड फिरवलं तेव्हा अक्षरं दुसऱ्या बाजूला झुकली, म्हणजे खोलीच्या हिशोबानं त्याच दिशेला, पार्टिशनकडे. मग तो उचलून दाराजवळच्या टेबलावर नेला (केवढा जड आहे, पाठ धरली). तिथे अक्षरं सरळ! आखून काढल्यासारखी. परत जागेवर आणला की झुकली. म्हणजे आजार जागेचा.

स्टॅबिलायझर डाव्या हाताला, लांब आहे. कूलर नाही, खोलीला एसी आहे. उजव्या हाताला प्लायवूडचं पार्टिशन, त्याला फळी ठोकलेली आहे आणि फ्लॉपीचा डबा त्या फळीवर, पार्टिशनला टेकून. मामा, मी काल भरलेली फ्लॉपी मुद्दाम तिथेच ठेवली होती. आज सकाळी गेली. आणि जी यंत्राच्या खाचेत, म्हणजे ड्राइव्हमध्येच, राहिली होती ती शाबूत आहे! जी फळीवर जाते ती मरते.

पार्टिशनपलीकडे दादाजींची कोठी आहे. तुमच्या ओळखीचे चौकीदार दादाजी. आत झाडू, बादल्या, जुनी पोती. कुलूप असतं, किल्ली त्यांच्याकडे. मी कधी आत गेलेली नाही. उघडायला सांगू का? काय शोधायचं ते तेवढं कळवा. मला सापडत आलं आहे असं वाटतं.

प्रेमिला


नागपूर,
३ नोव्हेंबर

मामा,

चार दिवस झाले. रोज स्टँडवर जाते. गोविंदा म्हणतो, "भैयाजीनं काहीच नाही देल्लं, बाई. मी तं रोज दुकानापुढं उभा राहून राहिलो." तब्येत बरी आहे ना? मामीला तरी दोन ओळी लिहायला सांगा.

आठ दिवस उरले आहेत. दादाजींना काल म्हटलं, कोठी दाखवा. ते एकदम घाबरे झाले. "काहून वं? तिथं काय हाय? तिथं काहीच नाही," म्हणाले आणि निघून गेले. ते मनोहररावांबरोबर चहा पितात रोज. मला आता कोणाचाच भरवसा वाटत नाही.

प्रेमिला


उमरेड,
४ नोव्हेंबर

प्रेमा,

तब्येत बरी आहे. दुकानात गर्दी होती म्हणून लिहिणं राहिलं.

कोठीच्या मागे लागू नकोस. म्हातारा माणूस आहे, उगाच त्याला त्रास होईल. पार्टिशनमधून विजेची तार गेली असेल, तिचा परिणाम होत असेल. तू एवढंच कर. टेबल आणि फ्लॉपीचा डबा दाराच्या बाजूला हलव. पुढचं सगळं नीट राहील. खुलाशात लिही की यंत्राची जागा चुकीची होती, आता बदलली आहे. जास्त खोलात जायचं कारण नाही.

मामी आठवण काढते.

भैयाजी


नागपूर,
९ नोव्हेंबर

मामा,

टेबल हलवलं. पाच दिवसांत एकही फ्लॉपी गेलेली नाही, अक्षरं सरळ आहेत. त्याबद्दल आभार. पण तुमच्या पत्रानं माझं काम भागलं नाही. "विजेची तार असेल" हे मी मार्तंडरावांना सांगितलं. त्यांनी वायरमन बोलावून पार्टिशन तपासलं. त्यात तार नाहीच. ते म्हणाले, "बाई, कारणं शोधण्यात जेवढा वेळ घालवता तेवढा कार्डांवर घातला असता तर." मी खाली मान घालून उभी राहिले. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग घरी येऊन विचार केला. डबा त्या फळीवर होता तेव्हा फ्लॉप्या जात होत्या. फळी मनोहररावांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. डबा दाराजवळ माझ्या नजरेखाली आणला आणि जाणं थांबलं. तार नाही, तर मग काय उरतं? हात उरतो. माणसाचा हात. पडदा वाकतो तो वेगळा दोष असेल, पण फ्लॉप्या कोणीतरी पुसत होतं. मी नसताना यंत्राशी कोण होतं? माझी कार्डं कोण मोजत होतं? मी खोटी ठरले तर टायपिंगचं काम परत कोणाकडे जाणार?

मी तक्रार लिहिली आहे. मनोहररावांचं नाव घेऊन, दोन पानं. परवा बुधवारी सकाळी दहाला मार्तंडरावांच्या टेबलावर ठेवणार, म्हणजे तीनच्या बैठकीत ती वाचली जाईल. तुम्ही म्हणाला होतात, माणसाला मागून विचारू. आता तेवढा वेळ नाही.

तुम्ही इतकं थंड पत्र का लिहिलंत ते कळलं नाही. राग आला असेल तर सांगा, पण मला मध्येच सोडू नका.

प्रेमिला


उमरेड,
१० नोव्हेंबर

प्रेमा,

ती तक्रार देऊ नकोस. बाकीचं नंतर वाच, आधी ती फाड.

कोठीत माझा स्पीकर आहे.

दसऱ्याला स्टॉल आवरल्यावर परतीच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. स्पीकरची पेटी घेऊन कोण चढू देणार? तुमचं केंद्र जवळ, दादाजी आपल्या गावचा. त्याला म्हटलं, चार दिवस ठेव. तो म्हणाला, "ठिवून द्या गा भैयाजी, कोठीत कोण पाहून राहिलं?" आम्ही दोघांनी पेटी पार्टिशनला टेकवून ठेवली. तुला मुद्दामच सांगितलं नाही, तू नवी, "बाहेरचं सामान ऑफिसात नको" म्हणून अडवलं असतंस. आणि आठवड्यात माझा पाय मोडला.

तुझं तीस तारखेचं पत्र वाचलं आणि मला सगळं कळलं. ते थाळीएवढं चुंबक प्लायवूडच्या या बाजूला, तुझा डबा त्या बाजूला. फ्लॉपीवरचे आकडे म्हणजे चुंबकाचीच रांगोळी, त्यावर मी हात फिरवत होतो. अक्षरंसुद्धा तेच ओढत होतं. एका ओळीत लिहून पाठवता आलं असतं. चार दिवस मी कागद घेऊन बसलो आणि हिंमत झाली नाही. दादाजीच्या नोकरीची दोनच वर्षं उरली आहेत, ती जायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण ते नाही. तुझं नुकसान माझ्या हातानं झालं हे मला तुला कळू द्यायचं नव्हतं. चाळीस वर्षं लोकांच्या चुका शोधून दिल्या, स्वतःची सापडली तेव्हा झाकण लावून टाकलं. तारेची गोष्ट खोटी होती. खोटं लिहितो आहे हे लिहिताना ठाऊक होतं.

आणि त्या खोट्यामुळे तू आता एका माणसाचं नाव घेते आहेस.

ही चिठ्ठी गोविंदा उद्या पहिल्या गाडीनं घेऊन येईल, तू स्टँडवर ये. चुकामूक झालीच तर मी स्वतः तीनच्या आत पोचतो, प्लास्टरसकट. विश्वस्तांपुढे मी बोलेन.

तुझा मामा


नागपूर,
२० नोव्हेंबर

मामा,

नऊ दिवस तुम्हाला लिहिलं नाही. राग होता, आणि अजून सगळा गेलेला नाही. पण तुम्ही अर्ध्यातून परत गेलात, पुढचं तुम्हाला कळायला हवं.

तुमची चिठ्ठी मला अकरा वाजता मिळाली. तुम्ही स्टँडवर ये म्हणालात ते मला कसं कळणार, ते चिठ्ठीतच होतं. मी सकाळी सरळ ऑफिसात गेले. गोविंदा बिचारा ड्यूटी संपवून चालत केंद्रापर्यंत आला. तोवर तक्रार टेबलावर पडून तास झाला होता. मी धावत गेले. मार्तंडरावांनी ती वाचली होती आणि मनोहररावांना वाचायला दिली होती. ते खिडकीपाशी उभे राहून चष्मा वर-खाली करत दुसरं पान वाचत होते. मी म्हटलं, "परत घेते." मार्तंडराव म्हणाले, "आता तीनला बघू."

तीन वाजता तुम्ही कुबडी टेकत आलात ते तुम्हाला आठवतच असेल. दादाजींनी पेटी उचलून आणली, तुम्ही ती मॉनिटरजवळ सरकवली आणि अक्षरं वाकली तेव्हा विश्वस्त खुर्चीतून उठले. चांगली फ्लॉपी तुम्ही चुंबकावर ठेवलीत आणि यंत्रानं "वाचता येत नाही" म्हटलं. "हे माह्यं काम हाय साहेब, पोरीचं नाही, अन् दादाजीचंही नाही," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मला तुमचा रागही आला होता आणि रडूही आलं होतं. मग तुम्हाला गाडी गाठायची होती.

तुम्ही गेल्यावर मार्तंडराव म्हणाले, "चुंबकानं फ्लॉपी पुसली जाते हे सिद्ध झालं. पण तिच्यावर आधी काही होतं, हे कुठे सिद्ध झालं?"

मामा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मनोहरराव उठले. बाहेर गेले. मला वाटलं, गेले, आणि जायलाच हवे. ते ऑक्टोबरच्या कार्डांचे गठ्ठे घेऊन आले आणि टेबलावर ठेवले. "सातशे ऐंशी," म्हणाले. "प्रत्येकावर माही लाल खूण हाय. आकडा पडद्यावर पाहिल्याबगैर मी खूण करत नाही. हिनं टाकलेला हरेक आकडा मी उभा राहून पाहिला. मले हे यंत्र पसंत नव्हतं, आजही नाही. पण पोरीनं काम केलं. खोटं काहून बोलू?"

माझ्या बाजूनं बोलू शकणारा या जगात तो एकच माणूस होता, आणि त्याच्याविरुद्ध मी लिहिलेली दोन पानं त्याच टेबलावर पडली होती. ते बोलत असताना त्यांच्या हाताखालीच होती.

माझी नोकरी राहिली. ऑक्टोबरची कार्डं पुन्हा चढवायची आहेत, जानेवारीत कायम करतील. दादाजींना ताकीद मिळाली, तेवढ्यावर भागलं. तुमची पेटी शनिवारी गोविंदाच्या गाडीच्या टपावर येईल, उतरवून घ्या.

मी मनोहररावांची माफी मागितली. ते म्हणाले, "ठीक आहे." तेवढंच. अजून चहाला बसले की माझ्याकडे पाठ करतात.

पूर्वी ते सकाळी कार्डं मोजून माझ्या हातात द्यायचे आणि जायचे. माझ्याकडून त्यांनी कधी काही लिहून घेतलं नाही. आता त्यांनी एक वही केली आहे. एकेक कार्ड पुढे ठेवतात, त्याचा नंबर लिहितात आणि वही माझ्याकडे सरकवतात. "सही करा, बाई," म्हणतात. आधी मला पोरी म्हणायचे.

मी रोज साठ सह्या करते.

प्रेमिला